फाडलेल्या पानाविषयी

पत्राचा सारांश : मी कोल्हापुरात राहते आणि बँकेत नोकरी करते. माझी मुलगी बारा वर्षांची असून सातवीत शिकते. गेले काही महिने ती ‘सेलर मून’ या जपानी मालिकेत बुडालेली आहे. मागच्या आठवड्यात मी तिच्या खोलीत गेले, तेव्हा पडद्यावर एका शाळकरी मुलीचे कपडे नाहीसे होऊन तिच्या अंगाभोवती रिबिनी गुंडाळल्या जात होत्या. नंतर मी तिची चित्रवही चाळली. पानोपानी आखूड स्कर्टमधल्या मुली होत्या आणि एका पानावर दोन तरुणी एकमेकींचा हात हातात घेऊन उभ्या होत्या. ते पान मी तिच्यादेखत फाडले. ‘आई, त्या लढतात,’ एवढेच ती म्हणाली आणि चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. या मालिका मुलींना बळ देतात की त्यांच्या बाहुल्या करतात?

प्रिय ताई,

मालिकेविषयी तुम्ही सविस्तर विचारले आहे, पण तुमच्या घरातला अबोला मालिकेमुळे नव्हे, फाडलेल्या पानामुळे आलेला आहे. म्हणून आधी मुलीची क्षमा मागा, आणि त्या वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका. ‘तुझे चित्र मी फाडायला नको होते’ एवढेच म्हणा. मालिकेविषयीची तुमची काळजी खरी आहे, परंतु ती त्याच वेळी काढलीत तर क्षमा तिच्या कानापर्यंत पोहोचणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. तुम्हाला खटकलेले रूपांतराचे दृश्य, म्हणजे साधी शाळकरी मुलगी जादूने वेश बदलून लढवय्यी होते ते दृश्य, निरागस आहे असे मी म्हणणार नाही. वेश बदलताना नायिकेच्या अंगावरचे कपडे फाटून निघण्याची कल्पना 1973च्या ‘क्यूटी हनी’मध्ये ठळकपणे दिसते, आणि गो नागाई यांची ती चित्रकथा मुलग्यांच्या साप्ताहिकात येत होती, ते दृश्य कोणाच्या डोळ्यांसाठी होते, हे वेगळे सांगायला नको. ‘सेलर मून’ मात्र नाओको ताकेउची या लेखिकेने मुलींच्या ‘नाकायोशी’ मासिकासाठी रचली आणि 1992 साली ती दूरचित्रवाणीवर आली. तिची नायिका उसागी चौदा वर्षांची, रडकी, अभ्यासात ढ आणि खादाड आहे. रूपांतराच्या वेळी ती जो मंत्र उच्चारते त्याचा शेवट ‘मेक अप’ या शब्दांनी होतो, म्हणजे नटणे आणि लढायला सज्ज होणे हे तिच्यासाठी एकच कृत्य आहे. ‘नटलीस की तुला कोणी गंभीरपणे घेणार नाही’ हे ऐकत वाढलेल्या मुलीला यात केवढी मोकळीक वाटत असेल, याचा विचार करा. (गदा आणि ढाल घेतलेली अलंकृत अंबाबाई तुमच्याच गावात आहे, पण देवीचा दाखला देऊन मी सुटका करून घेणार नाही, कारण देवी शाळेत जात नाही.) तेच रूपांतर पाहणारा प्रौढ पुरुष वेगळे काही पाहू शकतो, हेही तितकेच खरे आहे. तुमची मुलगी त्यात काय पाहते, ते तिला विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, आणि विचारण्याची वाट सध्या तुम्हीच बंद केली आहे.

स्कर्टच्या लांबीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टी अधिक खटकतात. या मालिकेत उसागीचा प्रियकर महाविद्यालयात शिकणारा तरुण आहे आणि कथा त्याकडे केवळ प्रेमकथा म्हणून पाहते. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ ही एरवी फार कोवळी गोष्ट आहे. तिच्यातली नायिका मंत्राने वेश बदलत नाही, मैत्रिणीने प्रेमाने शिवलेले पोशाख घालते. परंतु तिच्या मूळ चित्रकथेत एक शिक्षक आपल्या प्राथमिक शाळेतल्या विद्यार्थिनीला अंगठी देतो. मुलीशी बोलायचे असेल तर यावर बोला. ‘मोठ्या माणसाने असे वागणे तुला कसे वाटले?’ हा प्रश्न पुढे तिच्या उपयोगी पडेल.

‘त्या लढतात’ हे तिचे उत्तर तुम्ही उडवून लावू नये. 2004 साली ‘प्रिक्युअर’ सुरू झाली ती मुलींनाही दंगा करावासा वाटतो या भूमिकेतून. तिच्यातल्या दोघी मैत्रिणी जादूच्या कांडीवर विसंबून न राहता हातघाईची लढाई करतात, आणि त्यांतल्या एकीच्या स्कर्टखाली आखूड तंग चड्डी आहे. एकत्र पाहायला मी तुम्हाला हीच सुचवीन. ‘मादोका माजिका’ मात्र तिने एकटीने आत्ताच पाहू नये. 2011ची ती मालिका रात्री उशिरा, मोठ्यांसाठी दाखवली गेली आणि तिच्यात शक्तीचा करार करणाऱ्या मुलींना जिवाची किंमत मोजावी लागते.

त्या दोन तरुणींचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, तरी फाडले ते त्यांचेच पान. माझा अंदाज आहे की त्या हारुका आणि मिचिरू असाव्यात. ‘सेलर मून’मध्ये त्या एकमेकींवर प्रेम करणारे जोडपे आहेत. अमेरिकेत इंग्रजी रूपांतर करताना त्यांना चुलत बहिणी ठरवण्यात आले, पण चित्रांतली जवळीक पुसता आली नाही, आणि त्यामुळे प्रेक्षकांना एकमेकींकडे प्रेमाने पाहणाऱ्या बहिणी दिसू लागल्या. झाकण्याने गोष्ट अधिकच विचित्र झाली. तुमची मुलगी पुढे कोणावर प्रेम करील हे एका चित्रावरून ठरत नाही. मुले त्यांना आवडलेली पात्रे काढतात, इतकेच. मात्र उद्या तिला मुलीच आवडतात असे कळले, तर ते तुम्हाला सांगण्याचे धैर्य तिच्यात उरावे की नाही, हे थोडेफार या आठवड्यातल्या तुमच्या वागण्यावर अवलंबून आहे. म्हणून तिची चौकशी करू नका, मोबाईल तपासू नका. त्या दोघी कोण आहेत आणि त्यांचे पुढे काय होते, एवढे विचारा. मालिका दोनशे भागांची आहे, तेव्हा उत्तर लांबेल. ते ऐकून घ्या, आणि एखादा भाग शेजारी बसून पाहा. रूपांतराचे दृश्य आले तर उठून जाऊ नका. तुम्हाला अवघडल्यासारखे होते हे तिला सांगितलेत तरी चालेल.

त्या पानाचे तुकडे अजून घरात असतील तर ते तिच्या हाती द्या. स्वतः चिकटवून देऊ नका. चिकटवायचे की नवे काढायचे, ते तिला ठरवू द्या.