गंध, नाम आणि आयुधं : वाचकांच्या शंका

प्रश्न : शाडूच्या गणपतीला आडवं गंध काढावं की उभं?

उत्तर : दोन्ही चालतं. कपाळावरच्या खुणेवरून देव ओळखायचा नसतो, पूजा कोणाच्या हातची आहे ते कळतं. शंकराचा मुलगा म्हणून गणपतीला भस्माचे आडवे पट्टे येतात. तमिळनाडूतल्या श्रीवैष्णव (विष्णुभक्तांच्या एका संप्रदायाच्या) मंदिरांत मात्र हाच गजमुख ‘तुंबिक्कै आळ्वार’ म्हणून उभं नाम, म्हणजे वैष्णवांचं उभं गंध, लावून बसतो. घरात जी रीत आहे ती ठेवा. फक्त एकाच कपाळावर आडवे पट्टे आणि उभं नाम अशी खिचडी नको.

त्रिपुंड्र, म्हणजे भस्माचे तीन आडवे पट्टे, काढताना तिन्ही रेघा सारख्या जाडीच्या आणि मधली फट साधारण रेघेएवढी ठेवा. रेघा भुवयांच्या बाहेरच्या टोकांपलीकडे नेऊ नका. बहुतेकांचं चुकतं ते सरळपणात. पट्टीनं मारल्यासारख्या रेघा गोल कपाळावर चिकटवलेल्या दिसतात, त्या कपाळाच्या गोलाईबरोबर किंचित वळायला हव्यात. रंग पांढराफेक नको, त्यात थेंबभर काळा मिसळा. भस्म राखाडीच असतं. शंकराच्या चित्रात तिसरा डोळा आधी आखून घ्या आणि रेघा त्याच्या दोन्ही बाजूंना थांबवा. वरून ओढल्या की डोळा हरवतो.

प्रश्न : विष्णूच्या दोन छापील तसबिरींत आयुधांच्या जागा उलटसुलट आहेत. त्यातली चुकीची कोणती?

उत्तर : कदाचित एकही नाही. चार हात आणि शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं यांच्या अदलाबदलीतून चोवीस मूर्ती होतात. संध्येतली केशवादी चोवीस नावं ती याच मूर्तींची. उजव्या खालच्या हातापासून सुरू करा, मग उजवा वरचा, डावा वरचा आणि शेवटी डावा खालचा. उजवा म्हणजे देवाचा उजवा, आपला नव्हे. या क्रमानं पद्म, शंख, चक्र, गदा आले तर तो केशव. गदा, चक्र, शंख, पद्म आले तर माधव. काही नावांच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत फरक आहे, त्यामुळे क्रम जुळला नाही म्हणून लगेच चित्रकाराला दोष देऊ नये.

आता गंमत अशी, की केशवाचं चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं की आपोआप माधव तयार होतो! म्हणून आधी जानवं बघा. ते देवाच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जातं, म्हणजे बघणाऱ्याला उजवीकडून डावीकडे उतरताना दिसतं. उलट दिसलं तर छपाईत चित्र पालथं झालंय. छातीवरचं श्रीवत्स, म्हणजे विष्णूची खूण, तीही देवाच्या उजव्या बाजूला हवी.

प्रश्न : विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग मानतात. मग ही मूर्ती हरिहराची म्हणायची का?

उत्तर : नाही. हरिहरात देह उभा अर्धा वाटलेला असतो, उजवी बाजू शिवाची आणि डावी विष्णूची. बदामीच्या पहिल्या लेण्यात एका बाजूला जटा, दुसऱ्या बाजूला किरीट आणि डाव्या हातात शंख असा तो स्पष्ट दिसतो. पंढरपूरच्या विठ्ठलाचा देह असा विभागलेला नाही. कर कटेवर, डाव्या हातात शंख, उजव्यात कमळाचा देठ, कानी मकरकुंडलं. चित्र काढताना गोपीचंदनाचं उभं गंध आणि त्यावर बुक्का दाखवा. शिवाला डोक्यावर धरलंय म्हणून कपाळावर त्रिपुंड्र काढायचं कारण नाही.

प्रश्न : दक्षिणेतलं नाम कुठे ‘यू’सारखं तर कुठे ‘वाय’सारखं का असतं?

उत्तर : श्रीवैष्णवांच्या दोन शाखा आहेत. वडकलै ‘यू’ काढतात, तेंकलै खाली नाकावर पाय उतरवून ‘वाय’ करतात. मंदिरात कोणतं नाम लावायचं यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, तेव्हा तिकडच्या मूर्तीचं चित्र काढताना त्या मंदिराचा फोटो समोर ठेवलेला बरा. तिरुपतीचं रुंद नाम तर डोळे झाकतं. डोळ्यांसह चित्र काढायचं असेल तर गुरुवारच्या नेत्रदर्शनातलं बारीक नाम घ्या. शुक्रवारी अभिषेकानंतर ते पुन्हा रुंद होतं.