कृष्णविवराच्या तोंडी वायू पोचतो कसा?

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. आकाशगंगेच्या मधोमध एवढं अजस्र कृष्णविवर असून आपण त्यात ओढले का जात नाही, हा एक. आणि ओढलं जाणं इतकं अवघड असेल, तर दूरच्या दीर्घिकांतली कृष्णविवरं वायू गिळून एवढी पेटतात कशी, हा दुसरा. मी मालवणकडे अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, संशोधक नाही. पण हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो.

पहिला लगेच निकालात निघतो. आपल्या केंद्रातलं सॅजिटेरियस ए-स्टार साधारण 43 लाख सूर्यांच्या वजनाचं आहे. ऐकायला भयंकर, पण दहाएक प्रकाशवर्षांपलीकडे त्याचं फारसं चालत नाही, कारण तेवढ्या टापूतल्या ताऱ्यांचंच वजन त्याच्यापेक्षा जास्त भरतं. आपण 26 ते 27 हजार प्रकाशवर्षं दूर. विषय संपला.

दुसऱ्याची गंमत वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने वर्गात विचारलं होतं, "सर, मगे तो गॅस थंयच कित्याक फिरत रवता?" म्हणजे, मग तो वायू आत न पडता तिथेच का फिरत राहतो? नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. कृष्णविवर किती जोरात ओढतं याला महत्त्व नाही. वायूच्या अंगातलं फिरणं, म्हणजे पाठ्यपुस्तकातला कोनीय संवेग, कोण काढून घेतं याला आहे. संवेग आपोआप नाहीसा होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालावा लागतो. ढोबळ हिशोब करून बघा: आकाशगंगेच्या केंद्रापासून सूर्याइतक्या अंतरावर फिरणारा वायू आपल्या कृष्णविवराच्या अगदी काठावर यायचा असेल, तर त्याच्या संवेगातला कोटीत एखादाच भाग शिल्लक राहून चालतो. बाकी सगळा वाटेत द्यायचा. आणि हे एका फटक्यात करणारी कुठलीही यंत्रणा नाही, टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्यांना ते काम करावं लागतं.

सुरुवातीचा मोठा टप्पा दंड पार पाडतो. पुष्कळ सर्पिल दीर्घिकांच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा असतो, आपल्याही आहे. तारे एकमेकांमधून बिनधास्त निघून जातात, वायूच्या ढगांना ते जमत नाही. ते दंडात शिरताना आपटतात, दाबले जातात, आणि दंडाचं गुरुत्वाकर्षण त्यांना मागे खेचून त्यांचा संवेग घेतं. हे फोटोत चक्क दिसतं. एनजीसी 1097 या दीर्घिकेचं चित्र शोधा, सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षांवर आहे. दंडाच्या लांबीभर धुळीच्या दोन काळपट रेघा आत येतात आणि मधल्या एका झगझगीत कड्याला जाऊन टेकतात. कड्याचा व्यास सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं, आणि त्यात नव्या ताऱ्यांचा नुसता पूर आलेला.

हे कडं म्हणजेच अडचण आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी पनवेलपर्यंत सुसाट आलेली गाडी वडखळला जशी तुंबते, तसा वायू इथे तुंबतो. दंडाची मदत इथपर्यंतच. बराचसा वायू इथेच तारे बनवण्यात खर्ची पडतो. उरलेल्यातला थोडा पुढे सरकतो तो कधी आतल्या छोट्या दंडामुळे, कधी बारीक सर्पिल लाटांमुळे, कधी ढगांच्या स्वतःच्याच वजनाने, तर कधी शेजारची दीर्घिका येऊन धडकल्यामुळे. या मधल्या टप्प्यात कुठे कोणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहेत.

अगदी आत, कृष्णविवराभोवती, फिरत्या वायूची तबकडी असते आणि तिथे काम चुंबकत्वाचं. आतला थर वेगात, बाहेरचा हळू. दोघांना जोडणारी चुंबकीय रेषा ताणली जाते, आतल्याला मागे ओढते, बाहेरच्याला पुढे ढकलते. संवेग गेला की आतला आणखी आत घसरतो, तिथे अजून वेगात फिरतो, रेषा अजून ताणली जाते. हे नीट दाखवलं बाल्बस आणि हॉली या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये. त्याआधी 1973 मध्ये शाकुरा आणि सुन्याएव यांनी या अज्ञात घर्षणाला सरळ अल्फा हे अक्षर देऊन गणित पुढे रेटलं होतं. न कळलेल्याला अक्षर चिकटवायचं, ही आम्हा फिजिक्सवाल्यांची जुनी खोड. पण ते गणित इतकं उपयोगी निघालं की आजही वापरतात.

एवढं करूनही ताटातलं तोंडात पडतंच असं नाही. सर्सिनस दीर्घिकेच्या केंद्राचं आल्मा दुर्बिणीने केलेलं निरीक्षण 2023 मध्ये प्रसिद्ध झालं: आत येणाऱ्या वायूपैकी तीन टक्क्यांहूनही कमी कृष्णविवराला मिळतो, बाकीचा बाहेर फेकला जातो. पण जो पडतो तो भरपूर उजेड पाडतो. वर्षाला एक सूर्यभर वायू पडला आणि त्याच्या वस्तुमानाच्या दहा टक्क्यांइतकी ऊर्जा जरी बाहेर आली, तरी दीड लाख कोटी सूर्यांइतका प्रकाश होतो. क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची ही झगझगीत केंद्रं, पेटतात ती अशी.

आपल्या कृष्णविवराचं मात्र उपासावर चाललंय. जवळच्या मोठ्या ताऱ्यांच्या अंगावरून उडणारा वारा, तेवढंच अन्न. त्यातलं वर्षाकाठी सूर्याच्या कोटीव्या भागाहूनही कमी आत पडतं. 2014 मध्ये जी-2 नावाचा ढगासारखा ऐवज अगदी जवळून जाणार म्हणून जगभरच्या दुर्बिणी रोखलेल्या होत्या. तो गेला, विवराने ढुंकून पाहिलं नाही.

तुम्ही गुहागरचे आहात म्हणून सांगतो: पाऊस गेला की ऑक्टोबरात साडेसातच्या सुमारास समुद्राकडे नैऋत्येला बघा. वृश्चिकेच्या शेपटीतलं मूळ नक्षत्र आणि पूर्वाषाढा यांच्या मधल्या पट्ट्यात आकाशगंगेचं केंद्र येतं. चंद्र नसलेली रात्र निवडा, आणि साडेनऊच्या आत, नंतर ते मावळतं. केंद्र स्वतः डोळ्यांना दिसणार नाही, वाटेतली धूळ आड येते. त्यासाठी रेडिओ नाहीतर अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बीणच लागते.