रोमानियातून परागंदा झालेल्या कम्युनिस्टविरोधी लेखकांपैकी कोणाबद्दल वाचावं?

रोमानिया म्हटलं की लोक नाटककार आयोनेस्कोचं नाव घेतात, आपल्याकडच्या नाटकवाल्यांना तर तो चांगलाच माहितीय, पण तुम्ही कम्युनिस्टविरोधी आणि परागंदा असं विचारताय म्हणून मी समीक्षक मोनिका लोविनेस्कूचंच नाव सांगेन. तिने आयोनेस्कोसोबत रोमानियन नाटककार काराजालेची नाटकं फ्रेंचमध्ये आणलीत.

जन्म 1923, बुखारेस्ट. वडील युजेन लोविनेस्कू म्हणजे तिकडचे मोठे समीक्षक, आई एकातेरिना फ्रेंच शिकवायची. 1947 ला ही फ्रेंच सरकारच्या स्कॉलरशिपवर पॅरिसला गेली आणि रोमानियात कम्युनिस्टांनी सगळं ताब्यात घेतल्यावर परत गेलीच नाही, आश्रय मागितला. आई मागे राहिली.

आईचं पुढे जे झालं ते वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. 1958 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला अटक झाली. मुलीला आमच्या बाजूला वळव, तुला सोडतो, असं तिला सांगण्यात आलं. ती नाही म्हणाली. आजारी होती, औषधपाणी मिळालं नाही, 1960 मध्ये तुरुंगातच वारली. मुलगी त्या वेळी पॅरिसमध्ये, काहीच करू शकत नव्हती.

त्यानंतर मोनिका रेडिओ फ्री युरोपवर, म्हणजे कम्युनिस्ट देशांसाठी बाहेरून कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या अमेरिकन पैशांवरच्या स्टेशनवर, बोलायला लागली आणि जवळपास तीस वर्षं बोलत राहिली. रोमानियाने 1963 पासून या स्टेशनचं जॅमिंग, म्हणजे ते ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम केलेला अडथळा, बंद केलं होतं त्यामुळे घराघरात, आवाज बारीक करून, लोक तिला ऐकायचे. विषय काय, तर पुस्तकं! कोणता लेखक खरं लिहितोय, कोण सत्तेपुढे लोटांगण घालतोय, हे ती नाव घेऊन सांगायची, आणि बुखारेस्टमधल्या लेखकांना सरकारी बक्षिसापेक्षा तिच्या मताची धाकधूक जास्त असायची.

18 नोव्हेंबर 1977, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, पॅरिसमध्ये तिच्या घरापाशी दोन माणसांनी तिला गाठलं आणि डोक्यावर इतकं मारलं की ती कोमात गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेला पळून गेलेला रोमानियाच्या गुप्तहेर खात्याचा जनरल पाचेपा याने नंतर लिहिलं की हुकूम खुद्द रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूचा होता. जिचा आवाज बंद करायचा होता ती बरी होऊन पुन्हा माइकसमोर बसली, तेच पुस्तकांबद्दल बोलायला.

2008 मध्ये ती पॅरिसलाच वारली. तिच्या आणि नवऱ्याच्या, म्हणजे विर्जिल इएरुंकाच्या, अस्थी मग रोमानियात नेल्या, तिच्या वडिलांच्या गावी, फाल्टिचेनला.