‘विकृती’ नको; आणि शिमिंगला काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एफएमआरआयवरच्या (मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयवरच्या) लेखाला ‘चुंबकीय क्षेत्रातील विकृती कमी करणे’ असं शीर्षक चालेल का, आणि त्यातल्या ‘शिमिंग’ला, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे एकसारखं करण्याला, मराठी शब्द कोणता?

‘विकृती’ मी तरी लिहिणार नाही. पॅथॉलॉजीला आपण विकृतिशास्त्र म्हणतो. ‘मेंदूच्या चित्रात विकृती दिसली’ असं वाचलं की घरच्यांच्या पोटात गोळाच येईल. इथे मेंदू धडधाकट असतो, बिघडतं ते चित्र.

शिवाय गोष्टी दोन आहेत. नाकामागच्या आणि कानांजवळच्या पोकळ्यांतली हवा चुंबकाला मेंदूसारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून तिथलं क्षेत्र किंचित बदलतं. ही क्षेत्राची ‘विषमता’. तिच्यामुळे डोळ्यांच्या वरचा मेंदूचा भाग चित्रात ताणला जातो, दबतो, सरकतो. हे चित्राचं ‘विरूपण’. किंचित म्हणजे किती? ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) यंत्रात दहा लाखांत एका भागाचा फरक पडला तर मेंदूतून येणाऱ्या संकेताची कंपनसंख्या सुमारे १२८ हर्ट्झने बदलते. चित्राच्या ६४ ओळी ३२ मिलिसेकंदांत वाचल्या, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ३१ हर्ट्झ येतात. म्हणजे ठिपका चार घरं सरकला! पिक्सेल ३ मिलिमीटरचा असेल, तर १२ मिलिमीटर.

आता शिम. हा मूळचा वर्कशॉपमधला शब्द. मोटर आणि पंप एका रेषेत आणताना फिटर मोटरच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवतो, ती शिम. ‘अजून एक शिम टाक,’ असंच तो सांगतो. एमआरआयच्या चुंबकातही क्षेत्र एकसारखं व्हावं म्हणून बोगद्याभोवतीच्या कप्प्यांत लोखंडाच्या पट्ट्या बसवतात. पुढे माणूस आत झोपला की खास कॉइलमधला प्रवाह कमी-जास्त करतात. तिथे पत्रा नसतो, तरी नाव तेच. ‘पाचर’ हा पर्याय मला पटत नाही, कारण पाचर मारणं म्हणजे अडवणूक. वस्तूला ‘शिम’च राहू द्या, क्रियेला ‘क्षेत्र सारखं करणे’ म्हणा. आपण चादर सारखी करतो ना, तसंच. मोठ्या सुरकुत्या जातात, पोकळ्यांजवळची बारीक चुणी उरतेच. तिचा परिणाम मग उलटसुलट दिशांनी घेतलेली दोन चित्रं ताडून गणिताने काढतात. त्याला ‘विरूपण-दुरुस्ती’ म्हणावं, कारण तिथे क्षेत्राला हात लागत नाही.

तेव्हा शीर्षक ‘क्षेत्रातील विषमतेमुळे येणारं विरूपण कमी करणे’ असं करा. लांब आहे, पण कोणी घाबरणार नाही.