‘दुसया’, ‘शेतकयांना’ आणि जुन्या फॉन्टमधील फायली

नमस्कार. तुमच्या वडिलांनी २००२ ते २००९ या काळात टाइप करून ठेवलेले लेख नव्या लॅपटॉपवर उघडले असता मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, असे तुम्ही लिहिले आहे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून देणारे सर्वांत चांगले संकेतस्थळ कोणते आणि जुना संगणक येत्या रविवारी एक्सचेंजमध्ये द्यायला हरकत नाही ना, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला मुदत आहे: कृपया तो संगणक देऊ नका. एक्सचेंजमध्ये मिळणाऱ्या हजार-दोन हजार रुपयांसाठी मी जे गमावले, ते आजतागायत भरून आलेले नाही.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. नोकरी सांभाळून १९९६ पासून मी संध्याकाळच्या वेळी डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याची, कामे करत असे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मंडळांच्या स्मरणिका असे त्या कामांचे स्वरूप होते. मी संगणक अभियंता नाही, त्यामुळे पुढील मजकूर एका जुन्या वापरकर्त्याचे मत म्हणूनच वाचावा. फायलींच्या प्रती कशा काढायच्या वगैरे प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यांत शिरत नाही.

हा कचरा का दिसतो, एवढे मात्र समजून घेणे आवश्यक आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे घरे असत आणि प्रत्येक कंपनी त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे स्वतःच्या सोयीने बसवत असे. फायलीत साठवला जाई तो केवळ घराचा क्रमांक. फॉन्ट हजर असेल तर त्या क्रमांकावर ‘क’ दिसे, फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षर दिसे, आणि दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तर तेथेच अर्धा ‘म’ उमटे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट विंडोजसोबत मिळू लागला, तरीही आमच्यासारखे व्यवसाय करणारे कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टला चिकटून राहिले, कारण पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी समजत नसे आणि छपाईचे सगळे काम पेजमेकरवर चाले. तुमच्या वडिलांनी २००९ पर्यंत जुना फॉन्ट वापरला यात त्यांची काही चूक नाही.

आता माझी चूक सांगतो. २००४ मध्ये आमच्या पेठेतील एका तालमीच्या स्मरणिकेसाठी आम्ही जुन्या पैलवानांच्या आणि वस्तादांच्या अठ्ठावीस मुलाखती घेतल्या. खासबाग मैदानातील गाजलेल्या कुस्त्या, खुराकाचा हिशेब, हौद्यातील माती कशी तयार करत, असा पुष्कळ ऐवज त्यांत होता आणि तो मी त्यांच्याच बोलीत, जसाच्या तसा टाइप केला होता. पाने मर्यादित असल्याने नऊ मुलाखती छापल्या गेल्या आणि उरलेल्या एकोणीस केवळ माझ्या संगणकात राहिल्या. ज्या कॅसेटींवर त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्या पुढच्या कार्यक्रमासाठी पुन्हा वापरण्यात आल्या. त्या वेळी कॅसेट महाग वाटत असे आणि संगणकातील फाइल अमर वाटत असे.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीची अधिकृत साथ संपली, त्या निमित्ताने मी नवा संगणक घेतला. आमच्या मराठी सॉफ्टवेअरचे लॉक, म्हणजे ते चालण्यासाठी संगणकाच्या मागे लावावी लागणारी छोटी डबी, जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टवर बसणारे होते आणि नव्या संगणकाला तसले पोर्टच नव्हते. मग मी एका विनामूल्य संकेतस्थळाची मदत घेतली. फाइल उघडायची, मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवायचा, रूपांतरित मजकूर परत त्याच फायलीत टाकून त्याच नावाने जतन करायचा, या पद्धतीने दोन रात्रींत एकोणीसही मुलाखती झाल्या. पहिले पान वाचून पाहिले, ते व्यवस्थित वाटले. पुढच्या आठवड्यात जुना संगणक लॉकसकट भंगारवाल्याला दिला.

पान व्यवस्थित वाटले याचे कारण असे की, मजकूर मीच टाइप केलेला होता आणि मी तो आठवणीने वाचत होतो. सहा महिन्यांनी तालमीतील एका तरुणाने तो वाचायला घेतला आणि विचारले, “काका, हे ‘दुसया’ म्हणजे काय?” तेव्हा ध्यानात आले की संपूर्ण मजकुरातून ‘ऱ्’ नाहीसा झाला होता. ‘दुसऱ्या’चे ‘दुसया’, ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकयांना’, ‘कऱ्हाड’चे ‘कहाड’ आणि ‘तऱ्हेने’चे ‘तहेने’ झाले होते. जुन्या मराठी संकेतस्थळांवर असे शब्द आजही सापडतात आणि लोक ते टाइप करणाऱ्याचे अज्ञान समजतात. माझ्या बाबतीत कारण वेगळे होते. आमच्या फॉन्टमध्ये हा अर्धा र ज्या घरात बसवला होता, त्या १७३ क्रमांकाच्या घराला इतर संगणकीय व्यवस्थेत ‘अदृश्य जोडरेघ’ असा अर्थ आहे. चिकटवाचिकटवीत अशी अदृश्य चिन्हे निमूटपणे गाळली जातात. १६० क्रमांकाचीही तीच कथा असून त्याचे पुष्कळदा साध्या मोकळ्या जागेत रूपांतर होते. त्यामुळे तुमच्या फॉन्टमध्ये या दोन घरांत कोणती अक्षरे आहेत, हे सर्वप्रथम पाहावे.

‘दुसया’ दुरुस्त करता येतो. परंतु ‘दऱ्या’मधील ‘ऱ्’ गेला की ‘दया’ उरते आणि ‘साऱ्या’चा ‘साया’ होतो. पहिला शब्द कोणताही शुद्धलेखन तपासनीस बिनचूक ठरवील. त्यात मुलाखती बोलीत असल्याने एखादा शब्द मुळात तसाच होता की कन्व्हर्टरने, म्हणजे त्या रूपांतर करणाऱ्या संकेतस्थळाने, खाल्ला, हे कळण्यास मार्ग नव्हता. आडनावे, गावांची नावे आणि टोपणनावे यांच्या बाबतीत तर अंदाज बांधणेही योग्य नव्हे. विचारावे तर मुलाखत देणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर निवर्तले होते.

शोधाशोधीत २००५ ची एक सीडी सापडली. तिच्यावर सात मुलाखतींच्या मूळ फायली सुस्थितीत होत्या. आता फक्त फॉन्ट हवा होता. ज्यांच्याकडून आम्ही सॉफ्टवेअर घेतले त्यांच्या विक्री कार्यालयात मी तीन वेळा गेलो. नाव लिहिणार नाही, कारण आता ती माणसेही तेथे नसतील. पहिल्या खेपेस त्यांनी लॉकचा क्रमांक मागितला, जो भंगारात गेला होता. दुसऱ्या खेपेस १९९९ चे मूळ बिल मागितले. ते मी माळ्यावरून शोधून नेले, तेव्हा तिसऱ्या खेपेस असे सांगण्यात आले की जुनी आवृत्ती बंद झाली असून पूर्ण किंमत देऊन नवी घ्यावी लागेल, आणि नव्या आवृत्तीत जुन्या फायली उघडतीलच याची हमी देता येणार नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने लिहिलेला आपलाच मजकूर वाचण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे आणि तेही हमीविना, हा न्याय मला आजही समजलेला नाही. अखेरीस शाहूपुरीतील एका छापखान्यातील ऑपरेटरने, ज्यांच्याकडे जुना संगणक अजून चालू होता, चहाच्या एका कपावर अर्ध्या तासात त्या सात फायली नीट रूपांतरित करून दिल्या. बाकीच्या बारा तशाच आहेत.

या अनुभवावरून तुम्हाला सांगावेसे वाटते ते असे. रविवारपूर्वी जुन्या संगणकातील विंडोजच्या फॉन्ट्स या फोल्डरमधून सर्व मराठी फॉन्टच्या फायली उचलून घ्या. एक फॉन्ट मोबाइलवरील एका छायाचित्राइतकीही जागा घेत नाही. तो नव्या लॅपटॉपवर बसवला की वर्डमधील लेख बहुतेक वेळा तत्काळ मराठीत दिसू लागतात, कारण लॉक सहसा टाइप करण्याच्या सॉफ्टवेअरवर असते, फॉन्टवर नसते. फॉन्टच्या परवान्याचा प्रश्न येतो, तो तुमच्या विवेकावर सोडतो. वडिलांनी विकत घेतलेला फॉन्ट वडिलांचेच लेख वाचण्यासाठी वापरण्यात मला स्वतःला काही गैर वाटत नाही. फॉन्टचे नाव ठाऊक नसल्यास वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवावा. फॉन्ट बसवलेला नसला तरी त्याचे नाव वरच्या चौकटीत दिसते. लॉक असल्यास तेही काढून डबीत ठेवा आणि शक्य असेल तर संपूर्ण हार्ड डिस्कच जपून ठेवा. संगणक द्यायचाच झाला, तर डिस्क नसलेला चालेल का, हे एक्सचेंजवाल्याला आधी विचारावे.

मूळ फायलींना हात लावू नका. वर्डमध्ये जुना मजकूर उघडून सहज एखादा स्पेस दिला तरी ऑटोकरेक्ट वाक्यातील पहिले अक्षर मोठे करते किंवा साधे अवतरणचिन्ह वळणदार करते. इंग्रजीत हा उपकार असला, तरी जुन्या फॉन्टमध्ये त्यामुळे ‘क’चा भलताच कोणी होतो. काम नेहमी प्रतीवर करावे आणि ऑटोकरेक्ट आधी बंद करावे. प्रत ठेवायची ती वेगळ्या ठिकाणी. २०१९ च्या महापुरात माझ्या एका परिचितांच्या तळमजल्यावरील कपाटात मूळ डिस्क आणि तिची प्रत शेजारी शेजारी होत्या आणि दोन्ही एकाच दिवशी भिजल्या. पंचगंगा त्रेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा पहिला कप्पा कोणता आणि दुसरा कोणता हे ती पाहत नाही.

संकेतस्थळाच्या प्रश्नावर माझे मत काहीसे कडवट आहे. कोणतेही एकच संकेतस्थळ ‘सर्वांत चांगले’ नसते, तुमच्या नेमक्या फॉन्टसाठी जे तयार केले आहे तेच उपयोगी पडते. परीक्षेसाठी ‘वार्षिक’ आणि ‘कार्यकर्त्यांना’ हे दोन शब्द वापरावेत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये साठवणुकीचा हा क्रम दोन्ही बाबतींत नेमका उलटा आहे. ज्या कन्व्हर्टरला ही अदलाबदल जमत नाही, तो ‘कार्यकत्र्यांना’ असे काहीतरी काढतो. ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’, ‘शुद्ध’, ‘विद्या’ आणि ‘कृष्णा’ हेही तपासावेत. मजकुरात अधूनमधून इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ते असतील तर ते आधी वेगळे करावेत, अन्यथा त्यांचेही मराठीकरण होऊन कोणालाच न कळणारी भाषा तयार होते. लेखांमध्ये कोणाचे पत्ते वा खासगी पत्रे असतील तर ती अनोळखी संकेतस्थळावर मुळीच चिकटवू नयेत. काही कन्व्हर्टर पान उघडल्यानंतर इंटरनेट बंद केले तरी चालतात, म्हणजे ते रूपांतर तुमच्याच संगणकावर करतात. मी शक्यतो तेच वापरतो. ही काही पक्की कसोटी नव्हे, पण काहीच न पाहण्यापेक्षा बरी.

पेजमेकरच्या फायली असतील तर त्या विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये उघडून पाहाव्यात. मांडणी विस्कटेल, पण मजकूर बऱ्याचदा हाती लागतो. जे लेख छापून आले आहेत त्यांच्यासाठी मात्र मी कन्व्हर्टरच्या नादी लागणार नाही. छापील पान नीट स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवावे आणि ते गूगल डॉक्समध्ये उघडावे. स्वच्छ छपाई असेल तर मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. त्या काळी काढलेली पीडीएफ असेल तर ती डोळ्यांना बरोबर दिसेल, परंतु तिच्यातून मजकूर उचलला की पुन्हा तोच कचरा मिळेल. तरीही ती पीडीएफ किंवा छापील प्रत हाताशी ठेवावी, कारण मुद्रितशोधनासाठी तोच एकमेव भरवशाचा साक्षीदार असतो. मुद्रितशोधन स्वतः न करता लेख पूर्वी न वाचलेल्या माणसाकडून करून घ्यावे. माझ्या बाबतीत ते एका विशीतल्या मुलाने न मागता केले, म्हणून निदान चूक कळली.

रूपांतर झाल्यानंतर एक अडचण उरते, तीही सांगून ठेवतो. युनिकोडमध्ये ‘ऱ्’ दोन पद्धतींनी लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखेच असतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात. ‘ॲ’चेही तसेच आहे. त्यामुळे शोध घेताना एखादा शब्द समोर दिसत असूनही सापडला नाही, तर फाइल बिघडली असे समजू नका, तो दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला असेल.

तुमच्या फॉन्टचे नाव आणि कोणत्याही एका लेखाचे एक पान येथे दिलेत, तर कोणता कन्व्हर्टर चालेल ते मी पाहून सांगू शकेन. त्या बदल्यात माझीही एक विनंती आहे, ती येथील कोल्हापूरकरांनाही आहे. माझ्या अडलेल्या बारा मुलाखतींपैकी एकीत, खासबागेतील एका कुस्तीचे वर्णन करताना, “आन् शेवटी पायाने पट काढला” असे वाक्य उरले आहे. पट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय ओढून त्याला पाडण्याचा डाव, हातांनी काढतात, त्यामुळे तेथे मुळात ‘पाऱ्याने’ असावे आणि ‘पारा’ हे कोणा चपळ पैलवानाचे टोपणनाव असावे, असा मला संशय आहे. या नावाचा पैलवान घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कोणी ऐकला असेल, तर कृपया कळवावे.