गायमुखच्या चढाला गाडी दम का सोडते?

प्रश्न : काका, माझी २०१६ची पेट्रोल सिडान आहे, दीड लिटर इंजिनची. घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढताना पिकअप जातो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. कोड पी ०१७१, मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजवाल्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला, आठवड्यात दिवा परत आला. आता ते फ्युएल पंप बदला म्हणतात. शेजारी म्हणतात, ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे होतंय. मी ब्लूटूथ स्कॅनर घेतला. मुलीने बाजूच्या सीटवर बसून आकडे टिपले : लाँग टर्म फ्युएल ट्रिम आयडलला +४, २५०० आरपीएमला +११, घाटात +२२. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ३००० आरपीएमला एमएएफ (इंजिनात शिरणारी हवा मोजणारा सेन्सर) ३० ग्रॅम प्रतिसेकंद. पंप बदलू का?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : थांबा, पंप बदलू नका. मुलीने टिपलेले आकडे फार मोलाचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजमध्ये गाड्या येतात त्या पावत्यांची चळत घेऊन. आकडे घेऊन क्वचितच कोणी येतं.

आधी ट्रिम. कॉम्प्युटर हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवून देतोय, ते हा आकडा सांगतो. इनटेकमध्ये कुठे हवा गळत असती, तर तुमच्यासारख्या एमएएफच्या गाडीत आयडलला ट्रिम जास्त आणि वेगात कमी दिसली असती. तुमच्याकडे उलट आहे. ई-२०चंही गणित जुळत नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण १३.५. त्यामुळे ट्रिम थोडी चढते, पण सगळीकडे जवळपास सारखीच. आयडलला ४ आणि घाटात २२, असं पेट्रोल करत नाही.

उरले दोन संशयित : पंप आणि एमएएफ. इथे कागद-पेन्सिल घ्या. इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढतं. ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० वेळा दीड लिटर, म्हणजे २२५० लिटर, सेकंदाला ३७.५. तीस अंश तापमानात लिटरभर हवा भरते सुमारे १.१६ ग्रॅम. गुणाकार साडेत्रेचाळीस. सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, ८५ टक्के धरा : ३७ ग्रॅम. तुमचा सेन्सर सांगतो ३०. आता ३७ला ३०ने भागा. १.२३ येतं, म्हणजे पेट्रोल २३ टक्के वाढवून द्यावं लागणार. आणि घाटातली तुमची ट्रिम आहे +२२!

पंप कमजोर असता तर सेन्सरने ३७च्या आसपास दाखवलं असतं आणि तरी ट्रिम चढली असती. एअर फिल्टर किंवा एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असता तर ३० हा आकडा खरा असता, पण ट्रिम शून्याजवळ राहिली असती. हवा कमी आणि ट्रिम जास्त, हे दोन्ही एकत्र दिसलं की माझा संशय एमएएफवर. त्याच्या तापलेल्या तारेवर धुळीचा थर बसला की हवा जोरात वाहताना ती कमी मोजते. आयडलला फरक फारसा जाणवत नाही. मिश्रण लीन आहे, हे बदलून टाकलेला ऑक्सिजन सेन्सर तर खरंच सांगत होता. त्याचे पैसे गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेट्रोच्या कामाची धूळ तुमच्या रस्त्यावर किती असते ते तुम्हीच जाणता. माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीत नवा एअर फिल्टर बसवताना डब्याची मागची क्लिप लावलीच नव्हती. तुमची आधी तपासा. मग इग्निशन बंद करून सेन्सर काढा आणि एमएएफ क्लीनरचाच स्प्रे मारा. कार्बोरेटर क्लीनर नको, कापूस किंवा फडकं तर अजिबात नको, तार तुटते. पूर्ण सुकल्यावर बसवा, कोड पुसा, चार-पाच दिवस गाडी चालवा आणि त्याच घाटात पुन्हा मोजा. आकडा ३५च्या पुढे गेला आणि ट्रिम एक आकडी झाली, तर काम झालं. एमएएफ सुधारूनही ट्रिम चढलेलीच राहिली, तर मात्र फ्युएल प्रेशरला गेज लावून घ्या.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकमध्ये एमएएफऐवजी एमएपी (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) सेन्सर आहे. आयडल १२०० आरपीएमवर अडकलंय, एमएपी ४८ किलोपास्कल दाखवतो, पण ट्रिम शून्य. मेकॅनिक म्हणतो, ट्रिम ठीक म्हणजे हवा गळत नाही. बरोबर आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे शिरलेली हवा एमएएफला दिसत नाही, एमएपीला मात्र दाबातून दिसते. कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल आपणच देतो, म्हणून ट्रिम हलत नाही आणि आयडल चढतं. तापलेल्या इंजिनला आयडलवर, एसी बंद असताना, २५ ते ४० किलोपास्कल दिसायला हवं. ब्रेक बूस्टरचा पाइप आणि इनटेकची गॅसकेट धुराच्या मशीनने तपासून घ्या.