खाडीचा अभ्यास तिथीनं कर

प्रिय तरुण मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे गावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांमुळे दाभोळ खाडीकाठच्या मच्छीमारांचं उत्पन्न किती बुडालं, हा तुझा विषय मोलाचा आहे. पण तुझ्या अभ्यासाच्या आराखड्यात एक मोठी चूक आहे. सांडपाणी सोडतात त्या जागेच्या वरची गावं तू स्वच्छ धरलीस आणि खालची दूषित. नदीला हे चालतं, खाडीला नाही. भरती दिवसातून दोनदा वर चढते आणि घाणही सोबत नेते. त्यामुळे नमुने दोन्ही बाजूंना, वाढत्या अंतरावर घे, आणि प्रत्येक नमुन्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, मोजून पाणी किती समुद्राचं, किती नदीचं हे नोंदव.

वेळापत्रकही बदल. दर सोमवारी सकाळी दहाला नमुना घ्यायचं तू ठरवलंस. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. एका सोमवारी तुला भरती मिळेल, पुढच्या सोमवारी ओहोटी, आणि तो फरक तू कारखान्यांच्या नावावर लिहिशील. दर पंधरवड्याला त्याच दोन तिथींना, त्याच वेळी जा. एक नमुना उधाणाचा, एक भांगेचा, म्हणजे भरती सर्वांत कमी चढते त्या दिवसांतला. पावसाळ्यातला आकडा फेब्रुवारीच्या आकड्याशेजारी ठेवू नकोस; पुराच्या पाण्यात सगळंच पातळ होतं.

विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भर आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं होडीतच टाक. घरी नेईपर्यंत थांबलास तर आकडा बदललेला असेल. ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून दुपारच्या एका नमुन्यावर समाधान मानू नकोस. सीओडीच्या (घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याच्या) चाचणीत मिठातलं क्लोराइड आडवं येतं आणि आकडा फुगतो. पाणी खारं आहे हे प्रयोगशाळेला आधीच सांग. बीओडीच्या (जीवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो त्याच्या) अहवालात चाचणी 27 अंशांवर तीन दिवस की 20 अंशांवर पाच दिवस, हे बघितल्याशिवाय दोन अहवालांची तुलना करू नकोस.

आता पैशाची बाजू. 'पूर्वी किती मिळायचं?' हा प्रश्न एकट्यानं विचारलास तर आठवणीतला सर्वांत चांगला दिवस ऐकायला मिळेल. त्यापेक्षा वीस-पंचवीस घरांत वह्या दे: तिथी, कोणतं जाळं, किती तास, किती किलो, कोणत्या भावानं विकलं, घरी किती खाल्लं. शेवटचा रकाना गाळू नकोस. तिसऱ्या आणि कालवं ही शिंपल्यातली मासळी बऱ्याचदा बाजारात न जाता थेट ताटात येते. जिल्ह्याच्या उत्पन्नात तिची नोंद सहज सुटते, कारखान्याच्या मालाची मात्र सुटत नाही. वाढीचे आकडे वाचताना ही तफावत ध्यानात ठेव. मासा कमी झाला की भाव चढतो, म्हणून उत्पन्नातली घट मासळीतल्या घटीएवढी नसते. दोन्ही वेगळे मोज. जे धंदा सोडून मुंबईला गेले, त्यांची घरंही यादीत हवीत. ती वगळलीस तर टिकून राहिलेल्यांचंच उत्पन्न मोजशील आणि नुकसान कमी दिसेल. उलट, त्याच घरातला एखादा मुलगा लोट्यात कामाला असेल, तर त्याचा पगारही लिही. दोन्ही बाजू धरल्या नाहीत तर तुझ्या निष्कर्षावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

कारखान्यांखेरीज इतर कारणंही आहेत. कोयनेच्या वीजनिर्मितीचं गोडं पाणी या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत उतरतं आणि खाडीची क्षारता बदलतं. शेजारच्या जयगड खाडीत ते येत नाही, म्हणून ती सरळ तुलनेला घेता येणार नाही. वाळू उपसा वेगळा लिही. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुराच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत जोडू नकोस.

सरकारी अहवाल वाच, पण मोजणाऱ्याला पैसे कोण देतं हे आधी विचार. डुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन या अर्थतज्ज्ञांचा गुजरातमधला 2013 चा प्रयोग नीट अभ्यास. कारखान्यानंच नेमलेल्या तपासनिसांनी धुळीच्या कणांची मर्यादा ओलांडणारे फक्त 7 टक्के कारखाने दाखवले. खरे होते 59 टक्के. तपासनीस चिठ्ठी टाकून नेमले, पैसे सामायिक निधीतून दिले, काही कारखान्यांची मोजणी पुन्हा केली, तेव्हा अहवाल खरे झाले आणि प्रदूषणही घटलं. ग्रीनस्टोन आणि हॅना यांचा 2014 चा अभ्यासही बघ: भारतात हवेच्या काही नियमांचा परिणाम दिसला, पाण्याच्या नियमांचा मोजता येईल असा दिसला नाही. खाडीकाठी बसून हे वाचताना कसं वाटतं, ते मी सांगायला नको.

उत्पन्न वाढलं की प्रदूषण आधी चढतं आणि मग उतरतं, हा ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी मांडलेला, उलट्या इंग्रजी U अक्षराचा आकार एका खाडीवर तपासायला जाऊ नकोस. त्याला अनेक ठिकाणांची, अनेक वर्षांची आकडेवारी लागते. शिवाय पैसा आला म्हणून पाणी आपोआप सुधारतं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

पहिल्या दोन पंधरवड्यांच्या वह्या आणि नमुन्यांचे तक्ते झाले की खाडाखोडीसकट, एकही आकडा न सुधारता, पाठव.

तुझा शुभचिंतक